ओब्राकच्या पठारावरचं लायोल

आम्ही राहतो टुलूजला, आणि इथून गाडीने साधारण तीन तासांवर लायोल म्हणून एक गाव आहे, त्याबद्दल कधीपासून लिहायचं मनात होतं. फ्रान्समधून जाणारे फोटो म्हणजे आयफेल टॉवर नाहीतर लॅव्हेंडरची शेतं, आणि भारतातून येणारे पाहुणेसुद्धा तेवढंच बघून परत जातात, त्यांचा काही दोष नाही, सुट्टीच तेवढी असते. पण मला विचाराल तर फ्रान्स कळायला एखादं हजार-बाराशे वस्तीचं गाव नीट बघावं, आणि त्यातही लायोल बघावं, कारण साठ-सत्तर वर्षांपूर्वी या गावाचा धंदा, गुरं, चीज सगळंच संपायला आलं होतं आणि तिथल्याच माणसांनी ते परत उभं केलं.

जायचा रस्ताच सुंदर आहे. रोदेझ सोडलं की एस्पालियों लागतं, तिथे लोट नदीवर लालसर दगडाचा जुना पूल आहे, नदीला खेटून लाकडी बाल्कन्यांची जुनी घरं आहेत, एकेकाळी तिथे कातडी कमवायचे. तिथून जो चढ सुरू होतो तो थेट हजार मीटरवर नेऊन सोडतो. आधी चेस्टनटची झाडं, मग बीचचं जंगल, आणि मग एका वळणानंतर झाडं एकदम संपतात आणि समोर फक्त गवत, काळ्या बेसाल्टच्या दगडांचे बांध आणि गुरं. हेच ओब्राकचं पठार, आव्हेरों, कांताल आणि लोझेर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं, लायोल त्यातल्या आव्हेरोंमध्ये. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जरा भीतीच वाटली होती, इतकं मोकळं, लांबलांबपर्यंत घर नाही. आता तिथे पोचलं की बरं वाटतं.

गाव टेकडीच्या अंगाखांद्यावर आहे. वर चर्च, खाली उतरत जाणाऱ्या गल्ल्या, घरांच्या भिंती काळपट दगडाच्या आणि जुन्या घरांची छपरं दगडाच्या पातळ लाद्यांची, त्यांना इथे लोझ म्हणतात. मध्यभागी मोठं मोकळं मैदान, ते फोअराय, म्हणजे गुरांच्या बाजाराची जागा. तिथे ब्राँझचा एक बैल उभा आहे, जॉर्ज ग्युयो या शिल्पकाराने १९४७ मध्ये केलेला. बैल म्हणजे नुसती शोभेची वस्तू नाही हां, मान जरा खाली, खांदे फुगलेले, इतका खरा की लहान मुलं आधी लांबूनच बघतात. बहुतेक गावांच्या चौकात राजा किंवा जनरल असतो, इथे बैल आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं, कारण या गावात जे काही आहे ते गुरांमुळे आहे. चीज, सुरी, जत्रा, एवढंच काय इथले लोक पॅरिसला गेले त्याचाही धागा शेवटी थंडी, गुरं आणि कमी जमीन इथेच येतो.

आधी डोंगरावरच्या बुरोनबद्दल सांगते. बुरोन म्हणजे पठारावर एकटी उभी असलेली बुटकी दगडी झोपडी, जाड भिंती, पाठ डोंगराला टेकलेली. उन्हाळ्यात गुरं वर चरायला न्यायची आणि तिथल्या तिथे दुधाचं चीज करायचं, कारण इतकं दूध रोज खाली आणणार कसं. मे अखेर ते ऑक्टोबरचा मध्य, असे साडेचार महिने फक्त पुरुष आणि पोरं तिथे राहायची. प्रत्येकाचं काम ठरलेलं. कांतालेस हा मुख्य, चीज त्याच्या हातचं. पास्त्र गुरं राखणार, बेदेलिए वासरं सांभाळणार, आणि सगळ्यात लहान तो रूल, दहा-बारा वर्षांचं पोरगं सुद्धा असायचं, पाणी आण, लाकडं आण, डुकरांना ताक घाल. ओब्राकची गाय वासरू जवळ असल्याशिवाय पान्हाच सोडत नाही, म्हणून आधी वासराला पाजायचं, मग त्याला गाईच्या पुढच्या पायाला बांधायचं आणि मग धार काढायची. म्हणजे पहाटे अंधारात, पावसात, बेदेलिएने एकेका वासराला नाव घेऊन सोडायचं आणि ते आपल्या आईकडे धावायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी सुमारे ३०० बुरोन चालू होती. मग पहिल्या महायुद्धाने माणसं नेली, नंतर शहरांनी नेली, आणि एकेक करत दारं बंद झाली. अगदी शेवटचं बंद झालं ते २००३ मध्ये. आता काही पडकी आहेत, काहींची रेस्टॉरंट झालीत.

१९६०च्या दशकात फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधन संस्थेने संशोधकांची मोठी टीमच ओब्राकवर पाठवली होती, जॉर्ज-ऑंरी रिव्हिएर आणि कॉर्नेई जेस्त यांच्या नेतृत्वाखाली. भाषा, स्वयंपाक, बुरोनमधलं काम, गाणी, सगळं नोंदवून ठेवलं, फिल्म केल्या. यातले जेस्त हे नेपाळमधल्या दोल्पो भागात राहून अभ्यास केलेले, हिमालयातून थेट इथे. कारण सगळ्यांना वाटत होतं की हे आता जाणार, जायच्या आधी लिहून घ्या.

पण नेमकं त्याच वेळी गावातले काही तरुण शेतकरी वेगळं काहीतरी करत होते. १९६० मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली, नाव ठेवलं 'जन मोंताञ', म्हणजे तरुण डोंगर. आंद्रे व्हालादिए हे त्यातलं मोठं नाव, पुढे कितीतरी वर्षं ते संस्थेचे अध्यक्ष होते. १९६१ मध्ये लायोल चीजला एओसी मिळालं, म्हणजे हे चीज याच भागात, याच पद्धतीने केलं तरच त्याला लायोल म्हणायचं. बुरोन जाणार हे त्यांनी मान्य केलं, त्याला कवटाळून बसले नाहीत. पण चीजची पद्धत सोडायची नाही, दूध पाश्चराइज करायचं नाही, हे मात्र धरून ठेवलं. मला हा विचारच फार आवडतो, काय सोडायचं आणि काय नाही याचा हिशोब त्यांनी स्वतः बसून केला.

आणि सोपं नव्हतं ते. मध्यंतरी सगळ्या फ्रान्ससारखं इथेही जास्त दूध देणाऱ्या होल्स्टीन गाई आल्या. दूध वाढलं, पण चीजला हवं तसं दूध ते नव्हतं. मग होल्स्टीन काढून हळूहळू सिमेंटल आणि थोड्या ओब्राक गाई परत आणल्या. आज नियमच आहे, लायोल चीजचं दूध याच दोन जातींचं, गाईमागे वर्षाला सरासरी ६००० लिटरच्या वर दूध काढायचं नाही, मुरवलेला चारा म्हणजे सायलेज घालायचा नाही, गवत आणि सुकं गवत. विचार करा, सगळं जग उत्पादन वाढवा म्हणत असताना हे शेतकरी आपणहून कमी दुधाचा नियम करतात. आणि त्या बदल्यात दुधाला भाव जास्त मिळतो, साध्या दुधापेक्षा बराच जास्त, त्यामुळे पोरं शेतीत टिकतात. इथे ही मुख्य गोष्ट आहे. बाकी सगळं, पर्यटन वगैरे, त्यानंतर.

संस्थेच्या इमारतीत वरून काचेतून चीज करताना बघता येतं, आम्ही गेलो की एकदा तरी तिथे थांबतोच. दह्यासारखं साकळलेलं दूध कापून दाबतात, त्याचा मोठा पांढरा, रबरासारखा गठ्ठा होतो, तो परत परत कापून उलटून दाबायचा. तो गठ्ठा म्हणजे तोम. ती थोडी आंबू देतात, मग दळून मीठ घालून साच्यात भरतात आणि पुन्हा दाबतात. एकेक चाक चाळीस-पंचेचाळीस किलोचं होतं, वर बैलाचा शिक्का. कमीत कमी चार महिने तळघरात मुरतं, वरचं साल राखाडी तपकिरी होतं, आतून पिवळं. चव साधीच सुरू होते आणि मग मागून येते, थोडी गवताची, थोडी सुक्या मेव्याची.

आणि मीठ घालायच्या आधीची जी ताजी तोम, त्यातून होतो आलिगो. हा पदार्थ मी एका मादामकडून शिकले, गावाबाहेर त्यांचं घर आहे, दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि रात्री सगळ्यांना एकाच टेबलावर जेवायला घालतात. सत्तरी ओलांडलेल्या, मला 'मा पतित', म्हणजे माझी छोटी, म्हणतात, माझ्या मुलाला तर दुसऱ्या भेटीतच मांडीवर घेतलं. बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करायचे, त्यात लोणी, क्रीम, थोडा लसूण, आणि मग तोमचे पातळ काप एकदम टाकायचे, किलोभर बटाट्याला साधारण ४०० ग्रॅम. इथून पुढे खरं काम. लाकडी लांब उलथनं घेऊन आठच्या आकड्यात घोटायचं, मंद आचेवर, तळापासून वर उचलत. आधी नुसता गिळगिळीत गोळा, काही होत नाही असं वाटतं, हात भरून येतो. मादाम शेजारी उभ्या राहून फक्त आवाज ऐकत होत्या. थोड्या वेळाने पातेल्याच्या कडेपासून ते सुटायला लागलं, चमक आली, आणि त्या म्हणाल्या, आता उचल. उलथनं वर उचललं तर ते सरळ माझ्या खांद्यापर्यंत आलं, न तुटता, रेशमी पडद्यासारखं. 'इल फिल', मादाम म्हणाल्या, तार आली. तार आली की एक मिनिट थांबायचं नाही, आच जास्त झाली की तार तुटते आणि मग परत येत नाही. सगळ्यांना ताटात वाढताना मादाम ते कात्रीने कापतात, खरंच कात्रीने.

सोबत इथे सॉसेज देतात, आम्ही नुसतं सॅलडबरोबर खातो. एक मात्र शाकाहारी लोकांसाठी सांगून ठेवते, लायोल चीज काय किंवा आलिगोमधली तोम काय, दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी माहीत करून घ्यावं.

आता सुरी. लायोल म्हणलं की फ्रान्समध्ये कुणालाही आधी घडीची सुरी आठवते, बारीक, किंचित वळणदार मूठ, आणि पात्याच्या मागे स्प्रिंगवर छोटी माशी, म्हणजे मधमाशी. इथे पिएर-जाँ काल्मेल्स नावाच्या कारागिराने १८२९ मध्ये ती करायला घेतली, त्यांच्या नावाचं दुकान गावात अजून आहे. सुरीचा प्रत्येक भाग कुणाच्या तरी गरजेतून आलाय, हे मला सगळ्यात छान वाटतं. मागचा टोकदार दाभण गुराख्यांसाठी, ओलं गवत खाऊन गाईचं पोट फुगलं तर वायू सोडायला भोसकायचं. कॉर्कस्क्रू आला १८८०च्या सुमारास, कारण तोपर्यंत इथली पोरं पॅरिसच्या कॅफेंत कामाला लागली होती. मुठीवर बारीक पितळी खिळ्यांचा क्रॉस असतो, डोंगरावर चर्च नाही तर गुराख्याने सुरी पावाच्या गोळ्यात किंवा जमिनीत रोवायची आणि तिच्यासमोर प्रार्थना करायची, असं सांगतात.

पण विसाव्या शतकात सुऱ्यांचं काम इथून दुसऱ्या जिल्ह्यातल्या तिएरला गेलं, ते सुऱ्यांचं जुनं मोठं गाव, आणि लायोलमध्ये जवळजवळ कुणी करेनासं झालं. नावापुरतं लायोल. मग १९८०च्या दशकात गावाने पुन्हा कंबर कसली आणि १९८७ मध्ये 'फोर्ज द लायोल' हा कारखाना उभा राहिला, इमारत फिलिप स्तार्कने डिझाइन केलेली, छपरातून १८ मीटर उंच सुरीचं पातं आकाशात गेलेलं. आत जाऊन बघता येतं. गाईच्या शिंगाची मूठ घासताना जो वास येतो ना, जळक्या केसांसारखा, तो कपड्यांना तासभर राहतो. बऱ्याच ठिकाणी एकच कारागीर एक सुरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतो, स्प्रिंगच्या पाठीवरची नक्षी हाताने कानसेने काढतो, आणि ती नक्षी बघून ती कुणाच्या हातची हे आपसात ओळखतात. सुरी मिटताना पातं खाडकन आपटू द्यायचं नाही, हाताने हळू मिटवायचं, हे मला तिथल्या कारागिराने दोनदा सांगितलं. आणि कुणी सुरी भेट दिली तर त्याला एक नाणं द्यायचं, नाहीतर मैत्री तुटते म्हणतात.

या नावावरून तर मोठं रामायण झालं. १९९३ मध्ये बाहेरच्या एका माणसाने 'लायोल' हे नावच ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, सुऱ्यांपासून कपडे, लायटर अशा कितीतरी वस्तूंसाठी. वस्तू बनणार भलतीकडे, पुष्कळशा आशियातून यायच्या, आणि नाव मात्र गावाचं. गाव कोर्टात गेलं आणि हरलं. तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये गावकऱ्यांनी चिडून गावाच्या वेशीवरची नावाची पाटीच काढून टाकली, नाव आमचं नाही म्हणता ना, मग घ्या. पुढे बरीच वर्षं खटले चालले आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टात बराचसा निकाल गावाच्या बाजूने लागला. माझं मत विचाराल तर हा लढा पैशांचा कमी होता. गावाने पिढ्यान् पिढ्या घाम गाळून नाव कमवायचं आणि ते एका फॉर्मवर सही करून दुसऱ्याने घ्यायचं, हे कुणालाही लागेल. सुरी घ्यायची तर गावात जाऊन घ्या, करणाऱ्याला विचारून घ्या.

पॅरिसचा उल्लेख वर दोनदा आला, आता त्याबद्दल. आव्हेरों जिल्ह्याची लोकसंख्या १८८६ मध्ये ४ लाख १५ हजार होती, आज ती २ लाख ८० हजारच्या आसपास आहे. एवढी माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडली. काही तर पार अर्जेंटिनाला गेली, १८८४ मध्ये इथल्या ४० कुटुंबांनी तिकडे पिग्वे नावाचं गाव वसवलं. पण बहुतेक पॅरिसला. सुरुवातीला पाणी वाहायचं काम, अंघोळीचं पाणी बादल्यांनी पाच-सहा मजले चढवायचं, मग लाकूड आणि कोळसा विकायचा. कोळशाच्या दुकानात एक काउंटर टाकायचं, नवरा पोती पोचवायला जाणार आणि बायको काउंटरवर वाइन ओतणार. अशा माणसांना पॅरिसमध्ये बुञा म्हणायचे. त्या काउंटरचे पुढे कॅफे झाले आणि कॅफेंच्या ब्रासरी, म्हणजे मोठी रेस्टॉरंट. सां-जेर्मां भागातली प्रसिद्ध ब्रासरी लिप १९२० मध्ये विकत घेतली ती मार्सेलां काझ यांनी, ते लायोलचे. आजही पॅरिसमधल्या कितीतरी जुन्या कॅफेंचे मालक आव्हेरोंचे निघतात.

आणि हे वाचून कोकणातल्या कुणालाही घरची गोष्ट वाटेल, मला तरी मुंबईतले चाकरमानीच आठवतात. माझ्या आजोळी गणपतीला जशी मुंबईची माणसं येतात, तसंच इथे. पॅरिसमध्ये गावागावांची मंडळं, त्यांना आमिकाल म्हणतात, वर्षातून एकदा मोठं जेवण, त्यात आलिगो, नाच, लग्नं जमवणं सुद्धा. 'लोव्हेर्ञा द पारी' नावाचं वर्तमानपत्र १८८२ पासून खास या लोकांसाठी, ते काढणारे लुई बोने. आणि त्यांनी काय करावं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेशी बोलणी करून सवलतीच्या स्पेशल गाड्याच सुरू केल्या, उन्हाळ्यात पॅरिसहून गावी न्यायला. त्यांना 'बोने गाड्या' म्हणायचे. मादामच्या वडिलांचे दोन भाऊ असेच पॅरिसला गेले, घरात त्यांच्या कॅफेचा फोटो आहे, दारात पांढरा ॲप्रन बांधून उभे, मिशा पिळलेल्या. त्यांनी पाठवलेल्या पैशातून गोठ्याचं छप्पर झालं असं मादाम सांगतात.

इथून थोडं वर गेलं की टेकडीच्या टोकावर, प्युएश द सुके म्हणतात, मिशेल ब्रास या शेफनी सुरू केलेलं रेस्टॉरंट आहे. त्यांची आई गावात 'लू माझ्युक' नावाचं हॉटेल चालवायची, आलिगो तिथला प्रसिद्ध, आणि हे तिथेच स्वयंपाक शिकले. आपण पिझ्झाबरोबर मागवतो तो चोको लाव्हा केक, आतून वितळलेला, तसा केक ब्रास यांनी १९८१ मध्ये लायोलमध्ये केला होता. घरचे सगळे थंडीत स्कीइंग करून गारठून आले आणि गरम चॉकलेट पिऊन चेहरे खुलले, त्यावरून सुचलं म्हणे. त्यांचा दुसरा पदार्थ गार्गुय्यू, ओब्राकच्या कुरणातल्या पानाफुलांचा आणि भाज्यांचा. १९९९ मध्ये त्यांना मिशेलिन या रेस्टॉरंटच्या गाइडचे तीन स्टार मिळाले, म्हणजे सगळ्यात वरचे, आणि पुढे मुलाने, सेबास्तियँने, २०१७ मध्ये जाहीर केलं की आम्हाला स्टार नकोत, आम्हाला गाइडमधून काढा. आम्ही तिथे जेवलेलो नाही, पण संध्याकाळी त्या टेकडीवरून पठार बघायला काही पैसे पडत नाहीत.

गुरं वर जातात तो दिवस २५ मेच्या आसपास, संत उर्बांचा सण. इथून जवळ ओब्राक नावाचीच छोटी वाडी आहे, तिथे त्या रविवारी मोठी जत्रा भरते. गाईंच्या शिंगांना फुलं, हॉलीच्या फांद्या, झेंडे, गळ्यात मोठ्या घंटा, आणि कळपामागून कळप रस्त्याने चालत येतात. गाई गव्हाळ रंगाच्या, आणि डोळ्यांभोवती काळी कड, अगदी काजळ घातल्यासारखी. हजारो माणसं बघायला येतात हे खरं, पण शेतकरी दिखाव्यासाठी करत नाहीत, त्यांना गाई खरंच वर न्यायच्या असतात. एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन पुढे चालत होते, मागे बघतसुद्धा नव्हते, कळप त्यांच्या मागून येत होता. मग ऑक्टोबरच्या मध्याला, संत जेरोच्या सुमारास, सगळी परत खाली. आज ओब्राक गाई बहुतेक मांसासाठीच पाळतात, वासरं शरद ऋतूत विकली जातात, ते मी लपवणार नाही. पण ती जातच १९७०च्या दशकात संपायला आली होती, आणि ती वाचवायलाही हीच माणसं पुढे आली.

ओब्राक वाडीतली एक गोष्ट राहिली. तिथे ११२० च्या सुमारास आदालार नावाच्या फ्लेमिश सरदाराने मठ आणि धर्मशाळा बांधली. स्पेनमधल्या सांतियागोला जाणारे यात्रेकरू या पठारावरून जातात, अजूनही जातात, पाठीला सॅक आणि शिंपला बांधून, आणि हा सगळ्यात वाईट टप्पा, धुकं आणि बर्फ. पूर्वी वाट चुकलेल्यांसाठी मठात घंटा वाजवायचे, धुकं पडलं की तासन् तास, 'हरवलेल्यांची घंटा' म्हणतात तिला. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं होतं की वाट चुकलेल्यांना परत बोलाव. आलेल्यांना साधू लोक पाव आणि चीजचं सूप द्यायचे, आलिगोचा उगम त्यातच आहे असं इथे मानतात, बटाटा नंतर आला.

हिवाळा मात्र कठीण. एसीर नावाचा वारा सुटतो, पडलेला बर्फ पुन्हा उडवतो, रस्ता दिसेनासा होतो, म्हणून रस्त्याकडेला उंच काठ्या रोवलेल्या असतात. पर्यटक गेलेले, निम्म्या घरांच्या खिडक्या बंद, कारण ती पॅरिसवाल्यांची. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, स्पेशालिस्ट हवा तर रोदेझ. तरुणांना भाड्याने घर मिळत नाही कारण उन्हाळ्यात पर्यटकांना देणं जास्त परवडतं, हे दुखणं मादामकडच्या टेबलावर प्रत्येक वेळी निघतं. पण याच दिवसांत गावकरी एकमेकांच्या वाट्याला येतात. हॉलमध्ये 'किन' असतं, म्हणजे आपलं हाउझी, बक्षीस हॅम, बदक, भाज्यांची टोपली, आणि पैसे शाळेच्या सहलीला नाहीतर क्लबला. मक्याचे दाणे ठेवतात आकड्यांवर. दोन-तीन पिढ्या एका टेबलावर, म्हाताऱ्या बायकांचं कार्डांवर इतकं लक्ष की बोलायची सोय नाही. आणि उन्हाळ्यात की द्युईत, म्हणजे आठ पिनांचा खेळ, हा आव्हेरोंचाच, एक लाकडी पिन बॉलने उडवून बाकीच्या आठ पाडायच्या. टीव्हीवर कधी दिसणार नाही, पण इथे त्याच्या लीग चालतात.

मादामच्या नातवाने दोन वर्षं टुलूजला काम केलं आणि आता गोठा घेतलाय, सिमेंटल गाई, दूध संस्थेला. मी विचारलं, कंटाळा नाही येत? तर म्हणाला, पहाटे येतो, पण दुधाचा भाव नीट आहे, त्यामुळे टिकता येतं, आणि माझ्या वर्गातले चौघे इथेच आहेत.

जायचं असेल तर मेच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये जा. मेच्या त्या रविवारसाठी राहायची सोय खूप आधी करावी लागते. दुकानं दुपारी बारा ते दोन-अडीच बंद असतात, त्यामुळे सकाळी आधी बेकरीतून फुआस घ्या, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेला गोड पाव असतो, मग चीज बघायला जा. टॅक्सी, बस यांच्या भरवशावर राहू नका, गाडी लागतेच. आणि संस्थेच्या दुकानात ताजी तोम मिळते, ती घ्या, आइसबॉक्स न्या, घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत वापरून टाका. बटाटे पिठूळ जातीचे घ्या, आणि घोटायला घरातलं दुसरं माणूस तयार ठेवा, एकट्याचा हात पुरत नाही.